रिकामी तारीख

कौशल्या जाऊन हिवाळा संपत आला तरी तिच्या नोंदीत तारीख भरलेली नव्हती. ती मी भरायची होती आणि मी भरत नव्हतो.

नोंद कसली ते आधी सांगतो. कौशल्या माझी बायको. सरकारी दवाखान्यात नर्स होती. मुदतीआधी निवृत्ती घेऊन तिनं आणि तिच्या जोडीच्या नर्स शकूताईंनी विश्रांतवाडीत आमच्या विहारामागच्या खोलीत घरभेटीचं काम सुरू केलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे घरी जायचं, जखम धुवायची, लघवीची नळी बदलायची, दुखण्याचं औषध द्यायचं. विश्रांतवाडी, कळस, धानोरी एवढाच पट्टा होता, पण माणसं पुष्कळ होती.

या कामात कौशल्याचा एक नियम होता. माणूस गेलं म्हणून काम संपलं असं धरायचं नाही. नोंदीत मृत्यूची तारीख भरायची, की ते घर आपोआप दुसऱ्या यादीत जायचं. त्या यादीचं नाव तिनंच ठेवलं होतं, 'शेवटची भेट'. या भेटीला बॅग न्यायची नाही. नुसतं जाऊन बसायचं. 'कसे आहात' विचारायचं नाही, कारण त्यावर सगळे 'बरं आहे' म्हणतात. 'काल काय जेवलात' असं विचारायचं. त्यावरून घराचं सगळं कळतं, असं ती म्हणायची. या भेटी बहुतेक तीच करायची.

तिची तारीख भरली असती तर माझंच घर त्या यादीत आलं असतं. कोणीतरी येऊन माझ्यासमोर बसलं असतं. ते मला नको होतं.

शकूताई एकदा म्हणाल्याही होत्या. "दादा, ताईंची नोंद बंद करायची राहिलीय. आमचा कोणाचा हात होत नाही. तुम्हीच करा."

"करतो," म्हणालो आणि केली नाही.

माझं काम संगणकाचं. खराडीत एका कंपनीत डेटाबेस सांभाळतो. डिप्लोमा झाला तेव्हा पुण्यात कॉम्प्युटर नवा होता. नारायण पेठेतल्या क्लासला चपला बाहेर काढून आत जावं लागायचं, यंत्राला धूळ चालत नाही म्हणून. तिथं मी एसक्यूएल शिकलो, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. नोकरी लागली, खराडीत इमारती उभ्या राहिल्या, मी त्यांत गेलो. ही भाषा सगळीकडे एकच असं म्हणतात, पण प्रत्येक डेटाबेस ती थोडी वेगळी बोलतो. माझा जन्म एकाच मोठ्या डेटाबेसवर गेला. त्याच्या सवयी त्याच माझ्या सवयी.

घरभेटीच्या नोंदीही तशाच मोठ्या डेटाबेसवर होत्या. एका ओळखीच्या कंपनीनं सर्व्हरवर जागा दिली होती. पुढे ते यंत्र बंद करायचं ठरलं. तसंही रुग्णाच्या घरी नेटवर्क मिळत नसे आणि सर्व्हर उघडत नसे. म्हणून टॅबलेटमध्येच मावेल असा लहान डेटाबेस घ्यायचं आम्ही ठरवलं. सगळा मिळून एकच फाइल. टॅबलेट पिशवीत टाकला की डेटाबेसही पिशवीत.

कौशल्या धडधाकट होती तेव्हा हे काम सुरू झालं. रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायचो आणि ती समोर मेथी निवडत बसायची.

"आज काय नडलं?"

"याला तारीख हा प्रकारच नाही. तारीख म्हणजे याच्यासाठी नुसती अक्षरं."

"मग?"

"वर्ष आधी लिहायचं, मग महिना, मग दिवस. म्हणजे क्रम नीट लागतो."

"आणि मघाशी कपाळाला हात लावला होता तो?"

"दोन तक्ते जोडायची एक पद्धत त्याला येत नाही. तक्ते उलटे मांडले, झालं."

"तुमच्या मोठ्याला सगळं येतं, नाही का?" ती म्हणाली. "मग त्याला सांगा कळसला कोंडीराम आजोबांच्या घरी यायला. तो बसलाय एसीत. अहो, लहान आहे म्हणून तर हा घरोघर येतोय. जरा सांभाळून घ्या त्याला."

टॅबलेटवर पहिली नोंद करून बघायची वेळ आली तेव्हा मी एक खोटं नाव टाकणार होतो. तिनं थांबवलं.

"माझंच टाका. तपासायला म्हणून दुसऱ्या कोणाला कशाला आजारी पाडता?"

मी तिचं नाव टाकलं. पत्ता आमचा. मृत्यूच्या तारखेच्या खान्याला हात लावला नाही. ज्या खान्याला कोणी हातच लावला नाही त्याला आमच्याकडे 'नल' म्हणतात. म्हणजे माहिती नाही.

पावसाळ्यात तिच्या पोटातला कॅन्सर कळला. नोंदी हलवायचं काम तिथंच थांबलं. मग शकूताई बॅग घेऊन आमच्याच घरी यायला लागल्या आणि टॅबलेटवरच्या त्याच नोंदीत तिची माहिती भरायला लागल्या. कौशल्या पडल्या पडल्या सांगायची, "नीट भरा गं. डेटा खराब झाला की साहेब चिडतात." डिसेंबरात ती गेली.

सर्व्हर बंद व्हायची तारीख जवळ आली तेव्हा शकूताईंनी मला आठवण करून दिली. सोमवारी सकाळी तो बंद होणार होता. मी रविवारी विहारामागच्या खोलीत जाऊन बसलो. मोठ्या डेटाबेसमधल्या सगळ्या नोंदी बाहेर काढल्या आणि लहानात भरल्या. टॅबलेटमध्ये आधीपासून असलेल्या एकमेव नोंदीला हात लावला नाही. ती एक सोडून एकूण आकडा दोन्हीकडे जुळवला. नावं बघितली, पत्ते बघितले. फाइल सगळ्या टॅबलेटांत घातली आणि घरी आलो.

'आजच्या भेटी' ही यादी मी उघडून बघितली नाही. एरवी तीच आधी बघितली असती. पण त्या यादीत जिवंत आणि भेट थकलेल्या माणसांची नावं येतात, आणि कौशल्याची तारीख भरलेली नसल्यामुळे तिचं नाव वर येणार हे मला माहीत होतं. ते मला बघायचं नव्हतं.

सोमवारी मी ऑफिसला निघत होतो तेवढ्यात पूर्वाचा फोन आला. पूर्वा नवीन नर्स. कौशल्या गेल्यावर रुजू झालेली, राहायला कळसमध्येच. ती घरूनच परस्पर कामाला निघायची. कळसच्या भेटी तिच्याकडे त्याच दिवसापासून आल्या होत्या.

"सर, आजोबा जिवंत आहेत."

"कोण आजोबा?"

"कोंडीराम आजोबा. मी त्यांच्याकडे शेवटच्या भेटीला आलेय. सुनेला विचारलं काल काय जेवलात, त्या म्हणाल्या पिठलं-भाकरी. मग मी विचारलं, आजोबांना शेवटी फार त्रास झाला का? तर आतून आवाज आला, व्हतोय की अजून."

मी हातातलं हेल्मेट खाली ठेवलं.

"सर, मला इतकं ऑकवर्ड झालं ना. आणि त्यांची नळी खरंच तुंबलीये. पोट दुखतंय त्यांचं. मी बॅग आणलेली नाही, शेवटच्या भेटीला आणायची नसते म्हणून. कळसची सगळीच नावं त्या यादीत आहेत. मला वाटलं, मॅडम गेल्यापासून या भेटी राहिल्या असतील."

"आणि आजच्या भेटींत?"

"एकच नाव आहे."

"कोणाचं?"

"मॅडमचं, सर."

चूक काय झाली ते मला तिथंच दारात उभं राहून कळलं. माझा मोठा डेटाबेस रिकामी अक्षरं आणि 'माहिती नाही' या दोन गोष्टी एकच धरतो. लहान तसं धरत नाही. त्याला रिकामी चिठ्ठी दिली तरी चिठ्ठी मिळाली असं तो म्हणतो. मी नोंदी बाहेर काढल्या तेव्हा जिवंत माणसांच्या मृत्यूच्या खान्यातून रिकामी अक्षरं आली आणि तशीच लहानात बसली. त्याच्या दृष्टीनं त्या सगळ्यांची तारीख भरलेली होती. तिथं सगळे मेलेले होते. ज्या खान्याला खरोखर कोणी हात लावला नव्हता असा एकच होता, कौशल्याचा.

ऑफिसला फोन केला, येत नाही म्हणून सांगितलं आणि खोलीवर गेलो. शकूताई दारातच टॅबलेट छातीशी धरून उभ्या होत्या. मी हात पुढे केला. त्यांनी तो लगेच दिला नाही.

"दादा, आधी बसा."

"माहितीये मला काय आहे ते. द्या."

दुरुस्ती एका ओळीची होती. मृत्यूच्या खान्यात रिकामी अक्षरं असतील तिथं 'नल' लिही. ती चालवली आणि यादी उघडली. नावं भराभर परत आली. धानोरीच्या आजी, टिंगरेनगरचे मास्तर, कळसचे कोंडीराम. सगळ्यांच्या वर कौशल्या समाधान ओव्हाळ. तिची भेट सगळ्यांत जास्त थकलेली होती. या वेळी मी ते बघितलं.

शकूताईंना धानोरीला जायचं होतं. नळीचं पाकीट, हातमोजे, सलाइनची बाटली असं सगळं पिशवीत भरून त्यांनी माझ्याकडे दिलं आणि मी स्कूटरवरून कळसला गेलो.

कोंडीराम आजोबा गावचे जुने शेतकरी. शेतावर इमारती झाल्या, त्यांतल्याच एकीत तळमजल्यावर राहतात. खाटेवर कुशीवर वळलेले, कपाळाला घाम. पूर्वा शेजारी तोंड पाडून बसली होती. मला बघून त्यांनी मान वळवली.

"ह्येच का आमाला मारनारं सायेब?"

"हो. माझी चूक झाली, आजोबा."

"चुकीचं मागनं बगू. आदी नळीचं बगा."

पूर्वानं पडदा ओढला. मी बाहेर सुनेजवळ थांबलो. आतून आजोबांचं कण्हणं ऐकू येत होतं. पूर्वा म्हणत होती, "झालं, झालं, अजून थोडंसं." मग एक लांब श्वास ऐकू आला आणि आजोबा म्हणाले, "आता जिता झालो बग." पूर्वा हसली. सुनेनं पदरानं डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेली.

आत गेलो तर आजोबा पाठीवर सरळ झोपले होते. त्यांनी मला खाटेजवळच्या पाटावर बसायला सांगितलं.

"तुमी बाईंचं मालक न्हवं?"

"हो."

"बाई गेल्याचं आमाला लई उशिरा कळलं." त्यांनी मी बसलो होतो त्या पाटाकडे बोट केलं. "माजी म्हातारी गेली तवा बाई आलत्या. ह्याच पाटावर बसल्या. काल काय जेवलात म्हनल्या. म्या म्हनलं, जेवलो की. तर म्हनल्या, काय जेवलात? मला काय सांगताच येईना. जेवलोच नव्हतो तर काय सांगनार? मंग सुनंला भाकरी टाकाय लावली आन् माज्या संगट बसून माज्याच ताटात खाल्ली. मी खाईस्तवर उठल्याच न्हाईत."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर ती रुग्णांचं बोलत नसे.

"तुमच्याकडं कोन आलं मंग?" आजोबांनी विचारलं.

"कोणी नाही."

"का?"

"यादीत नाव यायला तारीख भरावी लागते. ती मी भरली नाही."

आजोबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मंग भरा की. मी जित्ता असून माजं नाव आलं. तुमचं यायला काय झालं?"

पूर्वाच्या टॅबलेटमधल्या फाइलची दुरुस्ती करायचीच होती. मी तिच्याकडून तो मागून घेतला. आधी ती एक ओळ चालवली. मग कौशल्याची नोंद उघडली. खान्यावर बोट ठेवलं. आधी वर्ष भरलं. मग महिना. मग दिवस भरला. पूर्वा खिडकीकडे तोंड करून उभी होती.

'आजच्या भेटी' उघडल्या. तिचं नाव तिथं नव्हतं. 'शेवटची भेट' उघडली. तिथं आमचा पत्ता होता.

सुनेनं चहा आणला. आजोबा म्हणाले, "सायबाला भाकर पन दे." मी ऑफिसचं कारण सांगून उठलो. ऑफिसला त्या दिवशी मी गेलो नाही; संध्याकाळी खोलीवर बाकीच्या टॅबलेटांतही तीच दुरुस्ती केली आणि तीच तारीख भरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शकूताई घरी आल्या. हातात बॅग नव्हती. दारात "जय भीम, दादा" म्हणाल्या आणि आत येऊन टेबलापाशी कौशल्याच्या खुर्चीत न बसता शेजारच्या खुर्चीत बसल्या. फोटोपुढची मेणबत्ती मी लावली होती. त्या तिच्याकडे बघत बसल्या.

मग त्यांनी विचारलं, "काल काय जेवलात, दादा?"

"चहा-खारी."

"सकाळी?"

"सकाळीही तेच."

"परवा?"

हा प्रश्न कशासाठी असतो हे मला माहीत होतं. तरी मला रडू आलं. शकूताईंनी पाणी दिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या. कौशल्यानं त्यांना तसंच शिकवलं असणार.

अंधार पडल्यावर त्या उठल्या. पर्समधून टॅबलेट काढला, नोंद उघडली, थोडा वेळ बघितली आणि काही न लिहिता बंद केली.

"ही भेट झाली असं मी आज लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "गुरुवारी परत येते. तेव्हा मला खारी सांगायची नाही."

गुरुवारी मी कुकर लावला. पाणी जास्त झालं आणि भात आसट झाला. शकूताई यायच्या आधी दोन ताटं घेतली.