उषाचा दाखला

छप्पन्नच्या नोव्हेंबरात नागपूर एकाएकी दुसऱ्या राज्यात गेलं आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं, तेव्हापासून तिथले पुंडलिकराव कोणाच्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नसत. मग डॉक्टर झालेला मुलगा बायको-मुलांसह विलायतेला निघाल्यावर तरी कसा ठेवणार?

"रोम, पॅरिस, लंडन. दोन महिन्यांत वापस येतो, बाबा," श्रीकांत नकाशावर बोट फिरवत म्हणाला.

"अन् वापसीचं तिकीट?"

"ते लंडनमध्ये काढून घेऊ."

म्हाताऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. नातवंडं गेली ती गेलीच, तर घरात राहतं कोण? त्यांनी श्रीकांतची प्रवासाच्या कागदांची पिशवी पलंगावर उलटी केली. पासपोर्टाखाली नात उषाचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला.

"फिराले जाऊन राहिले ना तुम्ही? मंग पोरीची शाळा काहून सोडवली?"

सून नलिनी पदराशी चाळा करू लागली. श्रीकांत मात्र हसला. "दोन महिने शाळा बुडंल, म्हणून नाव कमी केलं. ठेवा तो तुमच्यापाशीच."

दाखला हातात आला, तसा पुंडलिकरावांना जास्तच घोर लागला. इतक्या सहज दिला, म्हणजे दुसरी प्रत काढून ठेवली असणार. त्यांनी टोपी चढवली आणि हेडमास्तरांना विचारायला तडक शाळेची वाट धरली.