बद्द वाजलेलं नाणं

जुन्या नाण्यांच्या बाजारात पारखी म्हणून त्याचा शब्द शेवटचा मानत. पण नुकतीच एका गोडबोल्या माणसाने त्याच्या गळ्यात साच्यात ओतलेली बनावट नाणी मारली होती, आणि तेव्हापासून त्याला चांगल्या मालातही खोट दिसू लागली होती. त्यात समोर वकीलसाहेब बसलेले. त्याच्या एका शब्दावर महागाचं नाणं घ्यायला निघालेले.

नेमकी तेव्हाच वहिनी आली. आई गेल्यावर हिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. आता तिला कानांनी दगा दिला होता.

"हे विकून कानाचं यंत्र घ्यायचंय," रुमालाची गाठ सोडून नाणं पुढे करत ती म्हणाली. "कोपऱ्यावरचा सोनार मागत होता, पण म्हटलं, घरचा पारखी असताना बाहेर कशाला?"

त्याने नाणं दगडी फरशीवर टाकलं. चांदी खणकते, हे बद्द वाजलं. वकीलसाहेबांच्या भुवया वर गेल्या. झालं, पारख्याच्या अंगात आलं.

"वहिनी, खोटं आहे हे!" तिला ऐकू जावं म्हणून तो ओरडला. रस्त्यावरचे दोघे आत डोकावले.

"खोटं कसं असेल रे?"

"मग बघच." भिंगसुद्धा न लावता त्याने नाण्याच्या कडेवर कानस मारली. आतलं तांबं दिसेल म्हणून बघतो, तर आत पांढरीशुभ्र चांदी.

मग त्याने भिंग लावलं. वरच्या अंगाला जुन्या झाळकामाचा डाग होता आणि त्यातून केसाएवढी चीर गेली होती. चिरलेलं नाणं बद्दच वाजणार, हे शिकाऊ माणसालाही कळतं. इथे कधीकाळी साखळीची कडी झाळून जोडलेली होती. हे नाणं वहिनीच्या गळ्यात असायचं, आणि कडेवर बसून ते ओढणारा, ओढून ओढून कडी उपटणारा तोच होता.

"खोटंच ना?" वकीलसाहेबांनी विचारलं.

आणि त्याने मान डोलावली. स्वतःची मान हलली तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली. वहिनी रुमालाची घडी घालत होती. वकीलसाहेब आपल्या नाण्याचे पैसे द्यायला निर्धास्तपणे पाकीट काढू लागले.

तो वहिनीच्या कानाशी वाकला. "खरं आहे. पण मी कड कापली, आता संग्राहक निम्मेही देणार नाहीत. यंत्राचं मी बघतो."

"काय?"

"खरं आहे," तो पुटपुटला.

"नीट बोल की! मगाशी खोटं म्हणालास ते कसं ऐकू आलं?"

वकीलसाहेबांचा हात पाकिटातच थांबला.

"नाणं खरं आहे!" तो ओरडला. "अस्सल चांदीचं! चूक माझी झाली!"

वकीलसाहेबांनी पाकीट खिशात घातलं. "पुन्हा येईन," म्हणाले आणि गेले. ते पुन्हा येणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचं त्याला काही वाटलं नाही. वहिनीकडे बघायची मात्र हिंमत होईना.

तिने नाणं परत रुमालात बांधलं.

"आता यंत्र राहू दे," ती म्हणाली. "ते कानात असतं, तर हळूच सांगून मोकळा झाला असतास तू."