माफ केलेला माणूस

"पंपानं हवा धरलीय," पंपवाला विहिरीच्या कठड्यावरून उठत म्हणाला. "तळाचा व्हॉल्व्ह गेलाय. पाणी वर चढतं आणि परत खाली उतरतं. तासभर तरी लागेल."

प्रार्थनाघराची देखरेख करणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "आजच मुहूर्त लागला होता का याला! आत शंभर माणसं बसलीत. बरं, जरा आवाज न करता करा हं. मोठ्या साहेबांचं प्रवचन चालू आहे."

"कोण मोठे साहेब?"

बाईंनी सांगायच्या आधीच खिडकीतून आवाज आला, आणि पंपवाल्याच्या हातातला पाना तिथल्या तिथे थांबला. सव्वीस वर्षांत माणसाचे केस जातात, दात जातात, कणा वाकतो. आवाज मात्र तसाच राहतो.

"पापी माणसाला आपण पापी आहोत हे कळतं का?" साहेब आत विचारत होते. "मी सांगतो, कळत नाही. चोर स्वतःला चोर म्हणत नाही, गरजू म्हणतो. खोटं बोलणारा म्हणतो, मी चार माणसांचं पोट वाचवलं. आपण पापाला आधी चांगले कपडे घालतो आणि मग घरात घेतो. म्हणून देवाजवळ दुसरं काही मागू नका. एवढंच मागा, की देवा, मला माझं तोंड दाखव."

शब्द न् शब्द खरा होता, आणि तेच पंपवाल्याला सहन होईना. खोटारड्याच्या तोंडून खोटं आलं तर माणूस दोन शिव्या हासडून मोकळा होतो. खरं आलं तर त्यानं करायचं काय?

तेव्हा तो पंपवाला नव्हता. याच साहेबांच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. परवाना होता, लोक 'मिस्त्री' म्हणून हाक मारायचे. एका सकाळी जास्तीची वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलेला त्यानं पाहिला आणि तडक साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "संध्याकाळी माल जायचाय. आज चालव, उद्या बघू." दहा वाजता बॉयलर फुटला. कोळसा घालणारा त्याचा जोडीदार, ज्याला सगळे 'शिट्टी' म्हणायचे, जागच्या जागी गेला. चौकशीत साहेबांनी शपथेवर सांगितलं की मिस्त्री झोपला होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

परवाना गेला. तेव्हापासून तो लोकांच्या विहिरी आणि टाक्या पालथ्या घालत होता, आणि रोज सकाळी डोळे मिटून देवाजवळ एकच मागत होता: त्या माणसाला एकदा तरी कबूल करू दे.

व्हॉल्व्ह बदलून पाणी चढेपर्यंत माणसं पांगली होती. साहेब पायरीवर काठी टेकून एकटेच उभे होते. पंपवाला ग्रीसनं काळे झालेले हात तसेच घेऊन समोर गेला.

"ओळखलंत?"

साहेबांनी क्षणभर निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मिस्त्री! अरे, किती वर्षांनी! ये, बस."

"बसायला नाही आलो. तुमचं बोलणं ऐकलं. मग सांगा आता, त्या दिवशी मी झोपलो होतो?"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याचा हात धरला, ग्रीससकट. "अजून तेच घेऊन बसलायस? माणूस आहेस, लागला असेल डोळा. मी रोज तुझं नाव घेऊन प्रार्थना करतो. मी तुला केव्हाच माफ केलंय."

पंपवाल्याच्या कानांतून जणू वाफ निघाली. "तुम्ही? मला? मी तुम्हाला सांगायला आलो होतो, व्हॉल्व्ह अडकलाय म्हणून! तुम्ही म्हणालात, आज चालव!"

"असं काही झालं नाही, मिस्त्री."

"देवासमोर म्हणा."

साहेब आत वळले. मांडणीवरच्या धर्मग्रंथावर हात ठेवला, डोळे मिटले. "मी पाहिलं, तो झोपला होता," ते शांतपणे म्हणाले. पापणी हलली नाही. पंपवाला त्या हाताकडे बघत राहिला, कुठेतरी एक बोट थरथरेल म्हणून. नाही थरथरलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. सव्वीस वर्षं रोज उजळणी करून त्यानं ते खरं करून टाकलं होतं. डोंगरावर डोकं आपटलं तर निदान डोकं तरी फुटतं. इथे तेही नाही.

घरी आल्यावर त्यानं पिशवी कोपऱ्यात आदळली. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. अर्धं तर तिला पाठच होतं.

"माफ केलं म्हणतो मला! अगं, हात ठेवला गं त्यानं ग्रंथावर. देव काय झोपा काढतो का?"

"अहो, एक विचारू?" ती घडी न सोडता म्हणाली. "व्हॉल्व्ह अडकलाय हे तुम्ही साहेबांना सांगितलंत."

"मग? तेच तर सांगतोय!"

"शिट्टीभावोजींना सांगितलं होतंत?"

सव्वीस वर्षांत ही गोष्ट त्यानं शंभरदा तरी सांगितली असेल. वकिलाला, शेजाऱ्याला, मेहुण्याला, देवाला. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यानं स्वतःही नाही.

"तो घाबरला असता," तो शेवटी म्हणाला. "काम सोडून गेला असता."

स्वतःचे शब्द त्याच्या कानांवर पडले तेव्हा त्याला कळलं, की 'घाबरला असता' हे त्या गोष्टीला घातलेले कपडे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शिट्टीच्या बायकोच्या शिवणकामाच्या दुकानात गेला. दुकान कसलं, एका मशीनपुरती खोली. ती कुणाच्यातरी कोटाचं अस्तर उसवत होती. केस सगळे पांढरे. त्याला बघून तिनं कात्री खाली ठेवली नाही.

"वहिनी," तो म्हणाला. "मी..."

"माहीत आहे कोण ते. विसरायला मी काही साहेब नाही."

तो उभाच राहिला. रात्रभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आता सापडेना. "व्हॉल्व्ह अडकलेला मला सकाळीच दिसला होता. मी साहेबांना सांगितलं. त्याला नाही सांगितलं. तो बॉयलरसमोरच उभा होता, तरी नाही."

उसवलेला दोरा तिनं बोटाला गुंडाळला, परत सोडला. तो वाट बघत होता. कशाची, ते त्याला लगेच कळलं आणि स्वतःचीच चीड आली. 'माफ केलं' या दोन शब्दांची वाट बघत होता तो, काल साहेबांनी न मागता दिलेल्या.

ती ते बोललीच नाही.

"तुम्ही दोघंच होतात तिथे," ती म्हणाली. "साहेबाची मी कधी वाट पाहिली नाही. तुमची पाहिली. वाटायचं, भावोजी आज येतील, उद्या येतील. मला काय तुमचा व्हॉल्व्ह ऐकायचा होता? तो सकाळी माझ्याशी भांडून गेला होता. कसा होता तो तिथे आल्यावर, रागात होता की कसा, हे सांगणारं जगात एकच माणूस होतं. ते सव्वीस वर्षं साहेबावर रागावून बसलं."

पंपवाला तिथेच उंबऱ्यावर बसला.

"सांगा आता," ती म्हणाली. "आल्यापासून सांगा."

त्यानं सांगितलं. शिट्टी आला तेव्हा शर्टाचं बटण चुकीच्या काजात होतं. मी हसलो तर म्हणाला, घरात लढाई झाली, शिपाई घाईत निघाला. राग नव्हता. दोन फेऱ्या कोळसा टाकला. मग शिट्टी वाजवत राहिला, तेच एक गाणं, मधेच सूर चुकून. म्हणाला, आज लवकर सोडा मिस्त्री, तिला घेऊन बाजारात जायचंय, कान धरून माफी मागायचीय. पावणेदहाला मी टाकी बघायला बाहेर निघालो, तर म्हणाला, जा तुम्ही, दाबाच्या काट्याकडे मी बघतो. आणि हसला. मग मी...

तिनं हात वर केला.

"बस. इथपर्यंतचं माझं. पुढचं तुमचं, ते तुम्ही घेऊन जा."

"वहिनी, पण..."

"जा म्हटलं ना."

तो पायऱ्या उतरून रस्त्यावर आला. मशीन सुरू झाल्याचा आवाज येईल म्हणून समोरच्या भिंतीपाशी थांबला. उन्हात बराच वेळ थांबला. आतून काहीच आवाज आला नाही.