तिसऱ्या वळणावरचा दगड

मी बालाघाटाच्या डोंगरातला घाटरस्ता बोलतोय. माणसं मला चढताना शिव्या देतात आणि वर पोचली की वारा खात माझंच कौतुक करतात. चालायचंच!

निजामाच्या अमदानीत वडारांनी सुरुंग लावून मला डोंगरातून काढलं. त्याआधी इथून फक्त पाठीवर ओझी लादलेले बैल जायचे. माझ्यामुळे गाड्या सुरू झाल्या.

माझं तिसरं वळण लई उभं. तिथं बैल दमले की गाडीवान चाकामागे दगड लावतो, बिडी ओढतो आणि दगड तिथंच टाकून निघून जातो. मागच्याचं काय व्हायचं ते होवो! या सवयीचा मला भारी राग येतो.

एकदा सटवा गाडीवान सकाळी मीठ घेऊन वर आला. दुपारी बायकोला, साखराबाईला, बाळंतपणासाठी खाली माहेरी घेऊन निघाला. पहिलीच खेप, आणि वाटेतच कळा सुरू झालेल्या. तिसऱ्या वळणावर चाक दगडावर चढलं आणि गाडी दरीकडे कलली. शेळ्या राखणारी दगडाबाई ओरडत धावली, तिनं चाकापुढे एक धोंडा सरकवला. गाडी अगदी कडेवर अडली.

"कुन्या मुडद्यानं टाकला ह्यो दगड?" सटवा कडाडला.

"तूच की रं. सकाळी म्या बगितलं," दगडाबाई म्हणाली.

सटवाचं तोंड उतरलं. त्यानं बैल वळवून गाडी सरळ केली आणि घाईनं हाकायला निघाला. तेवढ्यात आतून साखराबाई दात आवळून म्हणाली, "आदी दोनी दगड उचला."

"आगं, तुजा जीव…"

"उचला म्हन्ते न्हवं! मागून कुनाची तरी लेक येत आसंल."

त्यानं खाली उतरून दोन्ही दगड बाजूला नेऊन टाकले.

पंधरा दिवसांनी सटवा पुन्हा वर आला. विसावा घेऊन निघाला, वीस पावलांवर त्याला दगड आठवला. मागं यायचं तर बैल थांबवायला पुन्हा दुसरा दगड लावावा लागला! मला हसूच आवरेना.

"काय झालं रं?" दगडाबाईनं विचारलं.

"पोरगी झाली, मावशी. दोगी बऱ्या हायत."

मी केवढा हरखलो म्हणून सांगू! पुढच्या खेपेला सटवानं चाकामागे लावायला एक लाकडी ठोकळाच दोरीनं गाडीमागे बांधून आणला, म्हणजे तो वाटेत राहायलाच नको.

बाकीच्यांचे दगड मात्र आजही माझ्या अंगावर पडून आहेत. गाडीवानदादांनो, दमलात तर खुशाल थांबा. पण निघताना एकदा मागं बघा. साखराबाईला एवढ्या कळांमध्ये सुचलं, तुम्हाला बिडी ओढताना सुचू नये?