वान्झाच्या उशाची कोरफड

कोरफड आमच्याकडं कुणी मुद्दाम लावत नाही, ती असतेच. टाच फुटली, लाव कोरफड. उन्हानं पाठ सोलली, लाव कोरफड. बकरी काट्यात फाटली तरी तिलाही तीच. पात कापून उलटी धरायची, पिवळा चीक गळू द्यायचा, मग आतला गार गर काढून चोळायचा. आग तिथंच बसते. माझी म्हातारी चामडी बघा, हात लावून बघा. आणि तो चीक म्हणाल तर जहर कडू. अंगावर पिणारं पोर दुधापासून तोडायचं असलं की आया तोच छातीला फासतात. एकदा जीभ लागली की पोर परत फिरकत नाही.

फक्त एक कोरफड आम्ही तोडत नाही. माणूस पुरलं की त्याच्या उशाशी लावलेली.

माझी सून वान्झा तापानं गेली तेव्हा नात कसीवा अजून अंगावर पीत होती. कुंपणापलीकडं वान्झाला माती दिली, उशाला कोरफड लावली. पुढं माझ्या लेकानं, मुटुआनं, दुसरी बायको केली. काटुंगे तिचं नाव. तिला आमच्यापाशी सोडून तो मोंबासाला बंदरावर हमालीला गेला. पोरगी कामाला वाघीण, पण कसीवा तिच्या हातचा घास घेईना. आम्ही भरवलं तर दोन शितं नावाला. नुसतं कुंपणाकडं बघत बसायची. माझी बायको कवाटा म्हणायची, ही आईच्या मागं जाणार. मी तिला गप्प करायचो, पण पोरीच्या बरगड्या मलाही दिसत होत्या.

त्यात पाऊस चुकला. साबणवाल्या व्यापाऱ्यांनी रानातली कोरफड मुळासकट खणून नेली. नेमकं तेव्हाच मका-शेंगदाण्याचं, नाही, मका-घेवड्याचं उकळतं भांडं काटुंगेच्या उजव्या हातावर कलंडलं. कोपरापर्यंत कातडं सुटलं. कवाटा नदीपलीकडं कोरफड शोधायला पळाली. ती रिकाम्या हातानं परत आली, तर काटुंगे सावलीत बसलेली, हाताला गर थापलेला.

"कुठनं आणलीस?"

तिनं कुंपणाकडं मान केली. कवाटा तिच्यासमोर बसली.

"तिला विचारलंस तरी का?"

"विचारलं, आत्याबाई. म्हटलं, तुझी पोर उपाशी मरतीय, मला भरवायला हात पायजे. पात मला तोडावीच लागली नाही. हातात आली."

हात बरा झाला. इतका लवकर की शेजारणी बघायला यायच्या. डाग नाही, सुरकुती नाही. नवी कातडी मऊ, गुळगुळीत. फक्त मनगटावर एक वाकडा व्रण उमटला. भाजल्याचा नव्हता तो. वान्झाला लहानपणी गाईचं शिंग लागलं होतं, त्याचा व्रण. काटुंगेनं वान्झाला कधी पाहिलंही नव्हतं.

कसीवानं तो हात हुंगला आणि घास घेतला. कवाटा रडली. मीही, आता लपवू कशाला.

पण मग पोर त्या हाताला सोडेना. डाव्या हातानं दिलेलं थुंकायची. हळूहळू घासही सुटला, नुसतं बोट तोंडात धरून चोखत राहायची. आणि दुपारी ऊन डोक्यावर आलं की दोघी घरात नसायच्या. मी काटुंगेला विचारलं, पोरी, कुंपणापलीकडं का जातेस?

"मी नाही जात, मामंजी. हात जातो. मी त्याच्यामागनं जाते."

एका दुपारी गेलो तर काटुंगे मातीवर गुडघ्यावर बसलेली. मनगट कोरफडीच्या पातींत अडकलेलं, बोटं बाहेर. कसीवा आडवी, बोट तोंडात, डोळे अर्धे मिटलेले. तिला हात लावला. त्या उन्हात ती गार होती, गरासारखी गार. काटुंगेचा दंड धरून ओढलं. हलेना.

"मामंजी, ती सोडत नाहीये." काटुंगे म्हणाली.

कवाटा मागून आली. ओरडली नाही. उशाशी बसली आणि वान्झा जिवंत असताना जशी बोलायची तशीच बोलली.

"वान्झा, पुरे आता. पोर अंगावरनं तोडायची राहून गेली तुझी, मला कळतंय. पण ते काम आईचंच असतं, बाई. मी नाही करणार, ही नाही करणार. तूच कर."

मग ती बोटं वळली. काटुंगे मान हलवत होती, मी नाही, मी नाही. बोटांनी एक पात मोडली, पिळली, आणि पिवळा चीक स्वतःवरच ओघळू दिला.

कसीवानं सवयीनं तोंड लावलं. चेहरा वाकडा झाला. थुंकली, पुन्हा थुंकली आणि भोकाड पसरलं. कितीतरी दिवसांत पोर अशी रडली नव्हती. रडत रडत काटुंगेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तिच्या कुशीत घुसली. पाती आपोआप सैल पडल्या.

संध्याकाळी काटुंगेनं डाव्या हातानं भरवलं. पोरीनं वाडगं चाटून पुसून संपवलं. उजवा हात तिच्या मांडीवर पडला होता, झोपलेल्या माणसासारखा. व्रण गेला होता. तळवा मात्र ओला होता, पुसला तरी पुन्हा ओला. कवाटा म्हणाली, चीक असेल, राहू द्या.

मी बोट लावून जिभेला लावलं. चीक कडू असतो. हे आसवांसारखं खारट होतं.