शून्यावरची सुई

१९७४ साली शिरूरच्या वीजघरात आमची बॅटरी दोनशेवीस व्होल्टची होती. एकशेदहा डबे, तेजाबाचा घसा धरणारा वास, आणि दोन्ही टोकांना हात लागले तर माणूस सुटायचा नाही असा करंट. ती मोजायचा मोठा मीटर बिघडला होता. दोनदा लिहूनही नवा आला नाही, तेव्हा वैतागून मी घरी बसून एक पेटी केली. एकाच मापाचे दहा रेझिस्टन्स ओळीनं जोडले आणि तीस व्होल्टचा छोटा मीटर शेवटच्या एकट्यावर लावला. मीटरच्या वाट्याला दहावा हिस्सा. सुई बाविसावर आली की बॅटरी ठणठणीत. या पेटीची फुशारकी मी थेट दौंडच्या ऑफिसपर्यंत मारली होती.

दौंडचे साहेब एका दुपारी ती पाहायलाच आले. "साहेब, ही कधी चुकत नाही," मी सांगितलं. माझा जोडीदार मच्छिंद्र यानं पेटीच्या तारा भिंतीवरच्या बोर्डाला लावल्या. सुई शून्यावरून हललीच नाही.

"बॅटरी मेली, येशुदासमामा. बॅटरीच्या तारा सोडवून बघतो," मच्छिंद्र मला म्हणाला.

"हातमोजे घाला," साहेब म्हणाले.

"मामांची पेटी शून्य म्हणती, मंग कशाला? मोज्यात नट गावत न्हाई."

पेटीनं शून्य दाखवलं की उघडे हात घालायचे, ही रीत मीच पाडली होती. बोर्डावर आलेल्या बॅटरीच्या दोन्ही टोकांकडं तो दोन्ही हातांनी पुढं झाला. तळवे घामानं ओले होते. तेवढ्यात माझी नजर दारावरच्या लाल दिव्याकडं गेली. तो त्याच बॅटरीवर चालायचा, आणि तो लख्ख जळत होता.

बॅटरी जिवंत होती. पेटीतला माझा सोल्डरचा एखादा टाका सुटला होता. ओरडायला माझी जीभ क्षणभर अडली. पण खरं सांगायचं तर जीभ नुसत्या भीतीनं अडली नव्हती. साहेब शेजारी उभे होते, आणि आता त्यांच्यासमोर काय तोंड दाखवायचं, हे मनात यायला मला वेळ मिळाला.

"मच्छिंद्र, हात मागं घे. पेटी खोटी हाय."

त्याचे हात नटांपासून दोन बोटांच्या अंतरावर थांबले. साहेबांनी हातमोजे घालून बोर्डाला टेस्ट लॅम्प लावला, तो भक्कन पेटला. मच्छिंद्र भिंतीला टेकून खाली बसला.

रविवारी चर्चहून परतलो तर ओट्यावर मच्छिंद्रची आई भागुबाई बसलेली. भुईमुगाच्या शेंगा घेऊन कवठे येमाईहून आली होती.

"मच्छिंद्रनं समदं सांगितलं," ती माझे हात धरून म्हणाली. "दिवा दिसला आन् तुम्ही तवाच वरडलात. तवाच. न्हाईतर माझं लेकरू गेलं असतं."

मी शेंगांची पिशवी घेतली आणि तिच्यासाठी चहा टाकायला सांगितला.