हिरव्या काचा

सुरतच्या किल्ल्याच्या अंगणात मुलांसाठी वाळूचा खड्डा केला होता. वाळूत पुरलेले जुन्या वस्तूंचे तुकडे ब्रशने मोकळे करायचे आणि कार्डावर लिहायचे : वस्तू कोणती, कोणाची, कशी फुटली. पुरायचे तुकडे शाळांनीच पाठवावेत, असा निरोप होता. उधन्याच्या मराठी शाळेतल्या सुलभाबाईंनी खापरांबरोबर आपल्या हिरव्या बांगड्याही पाठवल्या होत्या. पायरीवर दगडाने स्वतःच फोडून.

"सर, हा राजाचा दात का?" भिकनने विचारले.

"कपाचा कान आहे तो," खेळ घेणारा हर्षल म्हणाला. "एवढ्या दाताचा राजा असता तर तोफा कशाला लागल्या असत्या?"

पोरे हसली. चंचल मात्र दोन्ही हातांनी वाळू परत ओढत होती.

"बेटा, झाकायचं नाही, काढायचं."

"इथे काही नाही."

"अरे, मीच पुरलंय ना!"

सुलभाबाई जवळ गेल्या. वाळूत त्यांच्याच बांगडीची हिरवी काच दिसली. चंचलचा बाप वाल्मिक, कापड विणायच्या लूमवरचा कामगार, गेल्याच महिन्यात वारला होता. तिच्या आईचे, शोभाचे, उघडे मनगट बाईंनी पाहिले होते. तेव्हापासून पोरगी शाळेत आली नव्हती. "एक दिवस सहलीला पाठवा, करमलं तर रोज येईल," असे सांगून बाईंनीच तिला आणले होते.

"बाई, या कोणाच्या?"

चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा बाईच्या, असे म्हणता आले असते. खेळच तो होता.

"माझ्या."

चंचलने त्यांच्या हातांकडे पाहिले. दोन्ही हात भरलेले होते.

"कोणी फोडल्या?"

"मीच. खेळासाठी."

"घरात सगळे बरे असताना?"

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या आणि खाली बसून काचा वेचू लागल्या.

"मॅडम, पाठोपाठ दुसरी शाळा येतेय," हर्षल म्हणाला. "रिकाम्या खड्ड्यात पोरं काय शोधणार?"

"खापरं राहू द्या. काचा मी नेते."

चंचलने वाळू ओढणे थांबवले.

"मायच्या काचा काकीने केरात लोटल्या," ती म्हणाली. "मला वेचू दिल्या नाहीत."

बाईंनी रुमाल पसरून तिच्यापुढे ठेवला. ती बोटांनी वाळू चाळू लागली. कार्डे गोळा झाली, मुलांची रांग लागली, तरी तिचे हात थांबले नाहीत.

"बाई, 'उद्या शाळेत येशील का?' असं आत्ता विचारू नका."

"नाही विचारत."

"या तापीत सोडायच्या."

"सोडू. किल्ल्यामागेच तर आहे."

"थांबा मग," चंचल म्हणाली आणि खड्ड्याच्या दुसऱ्या कडेला जाऊन बसली. "अजून असतील."